गेट कुठे लावला यापेक्षा तो काय ऐकतो ते बघा

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. हंबकर जातीच्या पिकअपची (पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) गिटार, मग पायाने चालवायची पेडलं: ट्यूनर, आवाज फाडणारं ओव्हरड्राइव्ह आणि त्याहून फाडणारं हाय-गेन डिस्टॉर्शन (गेन म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते), सूर पुन्हा ऐकवणारा डिले, घुमारा देणारा रिव्हर्ब, आणि शेवटी ॲम्पचा क्लीन, म्हणजे न फाटणारा, चॅनल अशी साखळी आहे. डिस्टॉर्शन चालू असताना हात थांबला रे थांबला की फसफस आणि गूं-गूं सुरू होते, म्हणून तो गोंगाट बंद करणारं पेडल, नॉइज गेट, घेतला आणि सगळ्यात शेवटी, रिव्हर्बच्याही नंतर जोडला. आता त्याचा थ्रेशोल्डचा नॉब वर नेला तर लांब धरलेला सूर मध्येच तुटतो आणि डिलेची विरत जाणारी शेपटी छाटली जाते. खाली आणला तर गेट असून नसल्यासारखा. पेडलच बिघडलेलं आहे का?

नाही, पेडल ठणठणीत आहे. जागा चुकली आहे, आणि नुसती जागा बदलली तरी दुखणं अर्धंच जाईल. उरलेलं अर्धं जाण्यासाठी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. गेट आवाज कुठे बंद करतो हा एक प्रश्न, आणि तो बंद करायचा की नाही हे ठरवण्यासाठी गेट कुठला सिग्नल ऐकतो हा दुसरा. साध्या जोडणीत ही दोन्ही कामं एकाच ठिकाणी होतात, म्हणून ती वेगळी आहेत हे लक्षात येत नाही. माझ्याही यायला बराच काळ गेला. तोपर्यंत मी गेटला झाडूसारखा वापरत होतो: सगळ्या पेडलांनी कचरा करायचा आणि शेवटी याने तो लोटायचा.

गेट खरं तर झाडू नव्हे, दार आहे. आत येणारा सिग्नल ठरवलेल्या पातळीपेक्षा मोठा असला की दार उघडं, लहान झाला की बंद. ती पातळी म्हणजे थ्रेशोल्ड. सूर कुठला आणि खरखर कुठली हे त्याला कळत नाही, त्याला फक्त लहान-मोठं कळतं. म्हणजे तुम्ही वाजवत असताना दार उघडंच असतं आणि गोंगाट सुरांबरोबर बाहेर पडतच असतो. गिटारच्या आवाजाखाली तो झाकला जातो, इतकंच. वाजवत असतानाही गूं-गूं ऐकू येत असेल तर जगातला कुठलाही गेट ती काढू शकणार नाही. हे आधीच सांगतो, कारण याच अपेक्षेने घेतलेले गेट नंतर कपाटात पडून राहतात.

आता थोडा हिशेब. आकडे सोयीचे घेतले आहेत, पण चित्र खरं आहे. समजा, तार जोरात छेडली की पिकअपमधून २०० मिलिव्होल्ट निघतात आणि हात थांबल्यावर गिटारमधून येणारा गोंगाट ०.२ मिलिव्होल्ट आहे. दोन्हींत हजारपटीचं, म्हणजे ६० डेसिबलचं अंतर आहे. हा सिग्नल डिस्टॉर्शनमध्ये गेला. पेडल तो ३०० पटींनी वाढवतं. गोंगाट ६० मिलिव्होल्ट झाला. सुराचे मात्र ६० व्होल्ट होत नाहीत, कारण ९ व्होल्टवर चालणाऱ्या पेडलात ते शक्यच नाही आणि व्हायलाही नको असतात. क्लिपिंगचे डायोड त्याला ६०० मिलिव्होल्टच्या आसपास छाटतात, डिस्टॉर्शन म्हणतात ते हेच. म्हणजे बाहेर पडताना सूर ६०० आणि गोंगाट ६०, फक्त दहापटीचं अंतर. ६० डेसिबलचे २० डेसिबल उरले. पेडलची स्वतःची फसफस त्यात अजून धरलेलीच नाही.

याच हिशेबाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. तार हळूहळू विझत जाते. २०० मिलिव्होल्टचे १०० होतात, ५० होतात, १० होतात. पण डिस्टॉर्शननंतर मोजाल तर आकडा ६०० वरून हलत नाही. गिटारमधला सिग्नल २ मिलिव्होल्टपर्यंत, म्हणजे पूर्ण ४० डेसिबल खाली येईपर्यंत बाहेर पठारासारखी सपाट पातळी असते, आणि मग एकदम उतार लागतो. गेट डिस्टॉर्शनच्या मागे बसून ऐकत असेल तर त्याला हे पठार आणि शेवटचा छोटासा उतार एवढंच दिसतं. थ्रेशोल्डची रेघ त्या २० डेसिबलच्या उतारातच कुठेतरी मारायची. म्हणून तुमचा नॉब इतका चिडका वाटतो: केसभर इकडे सूर तुटतो, केसभर तिकडे फसफस येते. मागे डिले आणि रिव्हर्ब असले की त्यांच्या शेपट्या त्याच उतारात मिसळतात आणि सुक्याबरोबर ओलंही जळतं.

गेटने गिटारचा मूळ, स्वच्छ सिग्नल ऐकला तर त्याच्यासमोर अख्खे ६० डेसिबल मोकळे असतात. रेघ कुठेही मारता येते. घट्ट रिफसाठी (रिफ म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) वर, लांब सुरांसाठी खाली. शिवाय डिस्टॉर्शनचा गेन वाढवला, ओव्हरड्राइव्ह चालू-बंद केलं, तरी गिटारमधून निघणारा सिग्नल तोच राहतो, म्हणून एकदा लावलेला थ्रेशोल्ड हलवावा लागत नाही. मागून ऐकणाऱ्या गेटला प्रत्येक पेडलबरोबर नवीन सेटिंग लागतं.

मग ऐकायचं पुढे आणि बंद करायचं मागे, हे जमवायचं कसं? त्यासाठीच काही गेट पेडलांना दोनऐवजी चार जॅक असतात: इनपुट, सेंड, रिटर्न, आउटपुट. बॉसचं एनएस-२ हे १९८० च्या दशकापासून चालत आलेलं पेडल याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या सेंट्रीलाही सेंड-रिटर्न आहेत. आयएसपीचं डेसिमेटर जी स्ट्रिंग हेच काम थोड्या वेगळ्या जोडणीने करतं. गिटार गेटच्या इनपुटमध्ये जाते, तिथे गेट तिला ऐकतो आणि काही न करता सेंडमधून पुढे सोडतो. सेंडमधून ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन वगैरे गोंगाट करणारी मंडळी, त्यांच्याकडून परत रिटर्नमध्ये. दार बसवलेलं असतं ते या रिटर्नवर. आउटपुटमधून पुढे डिले आणि रिव्हर्ब.

तुमच्याकडचं गेट चार जॅकवालं असेल तर तुमची साखळी अशी होईल: गिटार, ट्यूनर, गेटचं इनपुट, गेटचं सेंड, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, गेटचं रिटर्न, गेटचं आउटपुट, डिले, रिव्हर्ब, ॲम्प. पेडलं जोडणारी एक जास्तीची छोटी केबल, म्हणजे पॅच केबल, लागेल, बाकी काही नाही. डिलेची शेपटी आता गेटच्या पलीकडे आहे. दार बंद झालं तरी आधी पलीकडे गेलेला सूर आपल्या गतीने विरत जातो. गेट जोडला आहे हे ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

दोनच जॅक असतील तरी हळहळ नको. शेवटच्या गेनवाल्या पेडलच्या लगेच नंतर आणि डिलेच्या आधी, ही त्याची जागा. वरचा २० डेसिबलचा त्रास राहील, पण शेपट्या वाचतील. काही जण दोन जॅकवालं गेट थेट गिटारनंतर लावतात. तिथे ते उत्तम ऐकतं, पण बंदही तिथेच करतं, त्यामुळे पिकअपची गूं-गूं जाते आणि पुढच्या डिस्टॉर्शनची फसफस तशीच राहते. तुमचा त्रास मुख्यतः पिकअपचा असेल तर ही जागाही चालेल. दोन गेट असतील तर एक इथे आणि एक डिस्टॉर्शननंतर, दोन्ही हलक्या हाताने लावलेले. एकच गेट करकचून आवळण्यापेक्षा हे कानाला बरं लागतं.

डिस्टॉर्शन ॲम्पच्या स्वतःच्या प्रीॲम्पमधून, म्हणजे त्याच्या पहिल्या भागातून, घेत असाल तर तोच विचार ॲम्पच्या इफेक्ट्स लूपपर्यंत (प्रीॲम्पनंतर पेडलं जोडायला ॲम्पवर दिलेले सेंड-रिटर्न) लांबवायचा. गेटच्या सेंडमधून पेडलं, तिथून ॲम्पचं पुढचं इनपुट; ॲम्पच्या लूपच्या सेंडमधून गेटच्या रिटर्नमध्ये; गेटच्या आउटपुटमधून डिले, रिव्हर्ब आणि शेवटी ॲम्पच्या लूपचं रिटर्न. प्रीॲम्पची फसफससुद्धा दाराआड जाते. यात दोन भानगडी संभवतात. एक म्हणजे काही ॲम्पच्या लूपमधली पातळी पेडलांना न झेपण्याइतकी मोठी असते. लूपला लेव्हलचं बटण असेल तर ते कमी पातळीवर ठेवा. दुसरी म्हणजे गिटार आणि ॲम्प यांच्यात आता जमिनीच्या, म्हणजे ग्राउंडच्या, एकाहून जास्त वाटा तयार होतात आणि त्यातून नवीनच गूं-गूं सुरू होऊ शकते. सेंड आणि रिटर्नच्या केबली एकमेकींना चिकटून न्या, गेटला वेगळी आयसोलेटेड वीज द्या. बहुतेक वेळा एवढ्याने ती शांत होते. नसेल होत तर ही जोडणी सोडून द्या. गोंगाट घालवायच्या नादात नवा गोंगाट पाळण्यात अर्थ नाही.

आता गेटच्या लूपच्या, म्हणजे त्याच्या सेंड आणि रिटर्नमधल्या वाटेच्या, आत कोण आणि बाहेर कोण. ट्यूनर सगळ्यात आधी, हे तुम्ही बरोबरच केलं आहे. वॉ (पाय मागेपुढे करून आवाजाचा रंग बदलणारं पेडल) असेल तर तो लूपमध्ये. गेटच्या आधी ठेवलात तर पाय मागेपुढे होताना पातळी बदलत राहते आणि गेटच्या कानाला भलतंच काही ऐकू येतं. कॉम्प्रेसर कधीही गेटच्या कानाआधी नको. कॉम्प्रेसरचं कामच मोठा आवाज दाबून लहान आवाज त्याच्या जवळ आणण्याचं आहे, म्हणजे ज्या ६० डेसिबलच्या अंतरासाठी आपण एवढा खटाटोप केला तेच तो आधी खाऊन टाकतो. तो लूपच्या आत घाला. व्हॉल्यूम पेडल गेटच्या नंतर. आधी ठेवलं तर तुम्ही आवाज हळूहळू उतरवत असताना मध्येच दार धाडकन लागतं. आवाजाला लहर देणारी फेजर, कोरस ही पेडलं कुठेही चालतील; जुनी, सूं-सूं करणारी असतील तर आत. वाजवलेला तुकडा टिपून पुन्हा पुन्हा ऐकवणारा लूपर अगदी शेवटी.

फझ, म्हणजे जुन्या धाटणीचं फार खरबरीत डिस्टॉर्शन, मात्र आडमुठा असतो. फझ फेस जातीच्या सर्किटला समोर थेट गिटारचा पिकअप हवा असतो. मध्ये बफर (सिग्नल लांबवर टिकवणारं छोटं सर्किट) आला की त्याचा स्वभाव बदलतो, आवाज कर्कश होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर मिळणारी ती सुंदर सफाई जाते. एनएस-२ सारख्या बफर असलेल्या गेटच्या सेंडमधून तो चालवाल तर हेच होईल. असा फझ वापरत असाल तर तो गेटच्या आधी ठेवा आणि गेट फझनंतरचा सिग्नल ऐकेल हे मान्य करा. थ्रेशोल्ड लावणं अवघड जाईल. पण फझसाठी एवढं सोसायला माझी हरकत नसते. तसाही फझ वाजवणारा माणूस शांततेसाठी प्रसिद्ध नसतो.

एवढं जोडून झालं की नॉब. घाईत नव्वद टक्के लोक इथे चुकतात (आकडा माझ्या अंदाजाचा), कारण ते गेट लावताना गिटार वाजवत बसतात. थ्रेशोल्ड लावायचा तो शांततेला. सगळ्यात जास्त गेन देणारी पेडलं चालू करा, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा, डावा हात तारांवर हलका ठेवून त्या मुक्या करा आणि थ्रेशोल्ड शून्यावरून सावकाश वाढवत जा. एका जागी फसफस गपकन थांबेल. तिथून नखाएवढं पुढे जा आणि नॉब सोडा. तारांवर हात ठेवून का? कारण वाजवताना हात तिथे असतोच. तारांना स्पर्श असताना आणि नसताना गोंगाट वेगळा असतो, आणि हात न लावता थ्रेशोल्ड लावलात तर तो गरजेपेक्षा वर लागतो.

मग एक सूर छेडा आणि विझू द्या. तो कसा संपतो ते ऐका. शेवटी चिमटा काढल्यासारखा तुटत असेल तर थ्रेशोल्डला हात लावण्याआधी रिलीज वाढवा. एनएस-२ वर याच नॉबला डिके म्हटलं आहे. रिलीज म्हणजे दार बंद व्हायला लागणारा वेळ. दार आपटायचं की हळूच ओढून घ्यायचं, ते इथे ठरतं.

रिलीज किती ठेवायचा हे गाण्यावर आहे, आणि याचाही हिशेब मांडता येतो. मिनिटाला १८० ठोक्यांच्या रिफमध्ये एक ठोका ३३३ मिलिसेकंदांचा, अर्ध्या ठोक्याची विश्रांती साधारण १६७ मिलिसेकंदांची आणि पाव ठोक्याची ८३ ची. रिलीज २०० मिलिसेकंद ठेवलात तर त्या विश्रांतीत दार पुरतं बंदच होत नाही, आणि पाम म्यूटच्या, म्हणजे तळहाताने तारा दाबून काढलेल्या, ‘चग-चग’ ठोक्यांमध्ये जी कात्रीने कापल्यासारखी शांतता हवी असते ती मिळत नाही. तिथे रिलीज ३०-५० मिलिसेकंदांच्या आसपास हवा. उलट ६० च्या लयीतल्या गाण्यात पूर्ण चार ठोके, म्हणजे ४ सेकंद, सूर धरायचा असेल तर रिलीज अर्ध्या सेकंदाच्या पुढे न्यायला काहीच हरकत नाही. सूर आणि फसफस एकत्रच विरत जातात, कानाला ते नैसर्गिक वाटतं.

फार कमी रिलीजलाही किंमत मोजावी लागते. गिटारची सगळ्यात जाड तार, खालचा ई, ८२.४ हर्ट्झला कंप पावते, म्हणजे एका आंदोलनाला सुमारे १२ मिलिसेकंद लागतात. सात तारांच्या गिटारचा खालचा बी ६१.७ हर्ट्झचा, १६ मिलिसेकंदांचा. रिलीज याहून कमी झाला की गेट सुराच्या एकूण पातळीऐवजी प्रत्येक लाटेचाच पाठलाग करू लागतो. लाट खाली गेली की मिटतो, वर आली की उघडतो. जाड तारांना एक घाणेरडी फरफर येते आणि माणूस स्पीकर फाटला म्हणून घाबरतो. मी एकदा अशाच फरफरीपायी ॲम्पचा स्पीकर खोलून बसलो होतो. दोष गेटच्या नॉबात होता.

दुसरा नेहमीचा त्रास म्हणजे फडफड. सूर थ्रेशोल्डच्या रेघेवर येऊन डुगडुगतो, आणि दार उघड-बंद, उघड-बंद करत राहतं. चांगल्या गेटमध्ये उघडायची आणि बंद करायची पातळी मुद्दाम वेगळी ठेवलेली असते, उदाहरणार्थ उणे ५० डेसिबलला उघडणं आणि उणे ५६ ला बंद होणं. याला हिस्टेरेसिस म्हणतात. होल्ड नावाचा नॉब असेल तर तो दार काही क्षण धरून ठेवतो, त्यानेही फडफड थांबते. दोन्ही नसतील तर रिलीज थोडा वाढवा किंवा थ्रेशोल्ड थोडा उतरवा. अटॅकचा, म्हणजे दार किती पटकन उघडावं याचा, नॉब बहुतेक छोट्या पेडलांवर नसतोच. असला तर पिकचा पहिला टणत्कार गिळला जात नाही ना, एवढं पाहून सोडून द्या.

रेंज किंवा रिडक्शनचा नॉब असेल तर मात्र त्याच्याशी मैत्री करा. दार पूर्ण बंद करायची सक्ती नाही, किलकिलं ठेवता येतं. गोंगाट १५-२० डेसिबल खाली गेला की बँडमध्ये तो कुणाला ऐकू येत नाही. पूर्ण निर्वात शांतता आणि लगेच भरपूर आवाज यांची ये-जा कानाला खटकते, आणि ती खटकते म्हणून लोकांना गेट कृत्रिम वाटतो. मेटलच्या घट्ट रिफमध्ये ती पूर्ण शांतताच संगीताचा भाग असते, तिथे खुशाल बंद करा. बाकी सगळीकडे किलकिलं.

हे सगळं खोलीत बसून नको. म्हणजे पहिल्यांदा खोलीत करा, पण वाजवायच्या जागी, वाजवायच्या आवाजात, जिथे उभे राहणार तिथे उभं राहून पुन्हा करा. पिकअप दिशेला संवेदनशील असतो. गिटार घेऊन जागच्या जागी गोल फिरून बघा, एका कोनात गूं-गूं जवळजवळ नाहीशी होईल आणि दुसऱ्यात दुप्पट होईल. स्टेजवर डिमरवर चालणारे दिवे असतील तर घरी कधी न ऐकलेली चरचर तिथे हजर. माझ्या एका कार्यक्रमात असंच झालं. साउंडचेकला दिवे लागले आणि मी घाबरून थ्रेशोल्ड भरपूर वर नेला. डिस्टॉर्शनवर सगळं छान. मग तिसऱ्या गाण्याची सुरुवात आली: गिटारचा व्हॉल्यूम तीनवर आणून बोटांनी वाजवायचे हलके स्वर. एकही बाहेर आला नाही. गिटारचा व्हॉल्यूम उतरवला की सिग्नल उतरतो, गेटची रेघ मात्र जिथल्या तिथे असते. हे मला माहीत होतं. माहीत असून विसरलो. वादकांनी माझ्याकडे पाहिलं, मी ॲम्पकडे पाहिलं. तेव्हापासून गेट लावून झाल्यावर मी त्या रात्रीचा सगळ्यात नाजूक तुकडा वाजवून बघतो आणि मगच खाली उतरतो.

आता तुम्ही न विचारलेलं, पण विचारायला हवं होतं असं. एवढा गोंगाट येतोय कुठून? त्याचा उगम न शोधता गेट आवळणं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. गोंगाट गेला तर तो पिकअपमधून किंवा गिटारच्या आतल्या वायरिंगमधून येतो. राहिला तर पेडलं, वीज किंवा ॲम्प. ॲम्पच्या इनपुटमधली केबल काढा. तरी राहिला तर पेडलांची निर्दोष सुटका झाली, ॲम्पकडे बघा. मग एकेक पेडल साखळीतून काढत जा. खऱ्या गुन्हेगारापर्यंत पोचायला दहा मिनिटं पुरतात, आणि अनेकदा तो एखादा सैल पॅच केबलचा जॅक निघतो.

आवाजाचा पोतही बोलका असतो. खालच्या पट्टीतली गूं-गूं ही विजेच्या ५० हर्ट्झची असते, काही देशांत ६० ची, आणि ती चुंबकीय क्षेत्रातून पिकअपमध्ये शिरते. सिंगल कॉइलला, म्हणजे एकाच कॉइलच्या साध्या पिकअपला, ती पकडल्याशिवाय चैन पडत नाही. यावर उपाय म्हणूनच गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५० च्या दशकात हंबकर तयार केला: दोन कॉइल उलट्या गुंडाळलेल्या, चुंबकाचे ध्रुवही उलटे, त्यामुळे गूं-गूं परस्परांना खोडते आणि सुरांची बेरीज होते. तुमच्याकडे हंबकर आहे आणि तरी गूं-गूं येते, म्हणजे संशय वीजपुरवठ्यावर. एकाच अडॅप्टरवरून सगळी पेडलं माळेसारखी जोडली असतील तर ती माळ सोडवा. डिजिटल डिले आणि ॲनालॉग डिस्टॉर्शन एकाच वायरीवर असले की शिट्टीसारखी बारीक किणकिण डिस्टॉर्शनमध्ये शिरते आणि तिथे ३०० पटींनी मोठी होते. प्रत्येक आउटपुट वेगळं असलेला आयसोलेटेड पॉवर सप्लाय हा माझ्या मते पेडलबोर्डवरचा सगळ्यात रटाळ आणि सगळ्यात उपयोगी डबा आहे. कसलीच गूं-गूं नसलेली सलग फसफस असेल तर ती गेनची आहे.

आणि गेन बहुतेकांचा जास्तच असतो. डिस्टॉर्शनचा गेनचा नॉब घड्याळातल्या तीनच्या जागेवरून मागे बाराच्या जागेवर आणून बघा. एकटं वाजवताना आवाज थोडा कोरडा वाटेल, बँडमध्ये उलट जास्त स्पष्ट ऐकू येईल, आणि फसफस इतकी उतरेल की गेटला निम्मंच काम राहील. ओव्हरड्राइव्ह डिस्टॉर्शनच्या आधी बूस्ट म्हणून वापरत असाल तर त्याचा ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर, असं ठेवा. दोन्हीकडे गेन चढवलात तर पहिल्याची फसफस दुसरा गुणून देतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. गूं-गूं घालवायला ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढणं किंवा टेपने झाकणं हा सल्ला कुठेही दिसला तरी तो ऐकू नका. गूं-गूं जाईलही. पण ॲम्पमध्ये काही बिघाड झाला तर ती वीज तुमच्या तारांवर येईल, आणि एका हातात गिटार असताना ओठ माइकला लागला तर जीव जाऊ शकतो. तारांना हात लावल्यावर चरचर कमी होणं नेहमीचं आहे. हात लावल्यावर ती वाढत असेल किंवा झिणझिण्या येत असतील तर वाजवणं थांबवा आणि वायरिंग जाणकाराला दाखवा.

रेकॉर्डिंग करत असाल तर गेट शक्यतो बंदच ठेवा. छाटलेली शेपटी नंतर जोडता येत नाही, फसफस मात्र नंतर कधीही काढता येते. गिटारचा कोरडा सिग्नल वेगळ्या ट्रॅकवर घेऊन ठेवलात तर डिस्टॉर्शनच्या ट्रॅकवर गेट लावून त्याच्या साइडचेनला, म्हणजे त्याच्या कानाला, तो कोरडा ट्रॅक द्या. पुढे ऐकायचं, मागे बंद करायचं, हीच युक्ती इथे केबलीशिवाय जमते. अनेक पेडलं एकाच डब्यात असलेल्या मल्टी-इफेक्ट्समध्येही अनेकदा गेटचा ब्लॉक डिस्टॉर्शननंतर ठेवून त्याचा कान इनपुटला लावण्याचा पर्याय असतो, मेनूत शोधा.

राहता राहिला एक बारकावा. एनएस-२ वर मोडचं एक बटण आहे, रिडक्शन आणि म्यूट. ते म्यूटवर असेल तर पेडल दाबल्यावर सगळा आवाजच बंद होतो. वापरलेलं पेडल घेतलं असेल तर आधी ते बटण बघा, पेडल मेलं म्हणून परत करायला निघू नका. आणि क्लीन तुकड्यांसाठी गेट पायाने बंद करायची सवय लावाल तेव्हा तुमच्या पेडलात गेट बंद असताना सेंड-रिटर्नमधली पेडलं वाजत राहतात की साखळीतून गळतात, हे घरीच एकदा डिस्टॉर्शन चालू ठेवून तपासून घ्या.